मेलबॉक्समधून डेटा काढायचाय? सर्व्हरला कमीत कमी विचारा, बाकीचं आपल्या टेबलात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे की कंपनीचा ऑर्डर्ससाठीचा एक कॉमन मेलबॉक्स आहे, बरीच वर्षं चालू आहे, त्यात पर्चेस ऑर्डर, कोटेशन, इन्व्हॉइस सगळं येऊन पडतं, आणि साहेबांना आता टेबल हवंय: कुठल्या गिऱ्हाइकाकडून कधी काय आलं, सोबत कुठली फाइल होती, आपण उत्तर किती दिवसांनी दिलं. पायथन थोडंफार येतं, एसक्यूएल चांगलं येतं, तर मेल सर्व्हरला डेटाबेससारखं जोडून थेट क्वेरी टाकता येईल का?

जोडता येतं, पण मेल सर्व्हर हा डेटाबेस नाहीये आणि त्याला तसं वागवलं की त्रास तिथूनच सुरू होतो. मी अशी कामं बरीच वर्षं करतोय आणि माझं म्हणणं एकच आहे, सर्व्हरकडून नवीन काय आलं एवढंच विचारायचं, ते आपल्याकडे टेबलात भरायचं, आणि सगळं ग्रुप बाय, जॉइन, रिपोर्ट वगैरे त्या टेबलावर करायचं. आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचायचा प्रोटोकॉल) मेलबॉक्स टेबलासारखा दाखवणारे तयार ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारी छोटी सॉफ्टवेअर, मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्याच एक्सचेंज मेल सर्व्हरचा कनेक्टर आहे, छोट्या मेलबॉक्सला ते ठीक चालतात. पण आत काय होतं ते माहीत हवं, तुम्ही क्वेरीत लिहिलेल्या व्हेअर कंडिशनमधला जेवढा भाग सर्व्हरला कळतो तेवढा तिकडे जातो आणि उरलेल्यासाठी ढीगभर मेल तुमच्या मशीनवर उतरवून तिथे गाळणी लागते, म्हणून एका साध्या काउंटला अर्धा तास लागतो आणि आपल्याला वाटतं नेट स्लो आहे.

आयमॅप हा प्रोटोकॉल मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला बनवला, आज सगळीकडे चालते ती चौथी आवृत्ती, तिचं २००३ चं स्पेसिफिकेशन बहुतेक सर्व्हर पाळतात आणि २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. हेतू एवढाच होता की मेल सर्व्हरवरच राहावा आणि माणसाने कुठूनही वाचावा. रिपोर्टिंग त्यात कुणाच्या डोक्यात नव्हतं. सम नाही, ग्रुप बाय नाही, मूळ स्टँडर्डमध्ये सॉर्टसुद्धा नाही, ते नंतर एक्स्टेन्शन म्हणून आलं आणि प्रत्येक सर्व्हरवर असेलच असं नाही. पॉप३ या मेल उतरवायच्या दुसऱ्या जुन्या प्रोटोकॉलचा तर विचारच सोडा, त्यात फक्त इनबॉक्स दिसतो, सेंट फोल्डर नाही, सर्च नाही.

आता जोडणी. पोर्ट ९९३, टीएलएससकट म्हणजे एन्क्रिप्शन लावून, १४३ वर साधं कनेक्शन करू नका. खरी अडचण लॉगिनची असते कारण नेटवर मिळणारी निम्मी उदाहरणं जुन्या काळातली आहेत, युजरनेम-पासवर्ड दिला की झालं असं सांगणारी. जीमेलला नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढा नाहीतर ओऑथ वापरा, म्हणजे पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर तिथे ऑक्टोबर २०२२ पासून आयमॅपसाठी पासवर्डने लॉगिन बंद करायला घेतलं आणि आता ते बंदच आहे, अ‍ॅप पासवर्डही चालत नाही, ओऑथच लागतं. झोहोमध्ये आधी सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप चालू करावं लागतं, ते राहिलं असेल तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि लोक पासवर्ड बदलत बसतात.

मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी एक जागा नीट सांगतो कारण तिथे भलेभले अडकतात. रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट असेल तर अ‍ॅप रजिस्टर करून आयमॅपची अ‍ॅप्लिकेशन परमिशन घ्यायची, अ‍ॅडमिनकडून कन्सेंट घ्यायचा, एवढ्यावर टोकन मिळतं, पण लॉगिन तरी होत नाही. कारण एक्सचेंजच्या बाजूने त्या अ‍ॅपचा सर्व्हिस प्रिन्सिपल, म्हणजे कंपनीच्या अकाउंटमधली त्या अ‍ॅपची ओळख, पॉवरशेलमधून वेगळा नोंदवावा लागतो आणि मग त्याला त्या ठराविक मेलबॉक्सवर परमिशन द्यावी लागते. नोंदवताना जो ऑब्जेक्ट आयडी लागतो तो एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशन्सच्या पानावरचा, अ‍ॅप रजिस्ट्रेशनच्या पानावरचा नाही. दोन्हीकडे ऑब्जेक्ट आयडी असंच लिहिलेलं असतं, आकडे वेगळे असतात, चुकीचा घेतला तर एररमधून काही बोध होत नाही.

आयमॅपऐवजी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ग्राफ एपीआय वापरलं तर काम सोपं होतं हे खरंय, त्यात डेल्टा क्वेरी आहे, मागच्या वेळेपासून काय बदललं ते सरळ मिळतं. पण मेल वाचायची अ‍ॅप्लिकेशन परमिशन दिली की ती मुळात कंपनीतल्या सगळ्या मेलबॉक्सना लागू होते, एमडींच्या मेलबॉक्ससकट. ती एका मेलबॉक्सपुरती बांधून घेणं अ‍ॅडमिनच्या हातात असतं आणि ते करून घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. जुन्या ईडब्ल्यूएसवर (एक्सचेंज वेब सर्व्हिसेस) मात्र आता नवीन काही बांधू नका, एक्सचेंज ऑनलाइनमध्ये ऑक्टोबर २०२६ पासून ते बंद करायला घेणार असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं आहे.

जोडणी झाली की पहिला नियम, मेलबॉक्सला धक्का लागता कामा नये. हा चालू मेलबॉक्स आहे, सेल्सची माणसं न वाचलेले मेल ठळक दिसतात त्यावरून काम करतात, आणि तुमच्या स्क्रिप्टने मेल उतरवले की सर्व्हर ते वाचलेले म्हणून मार्क करतो. सकाळी येऊन बघतात तर इनबॉक्समध्ये नवीन काही नाही, आणि एखादी ऑर्डर तशीच राहून जाते. हे टाळायला दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही करा. फोल्डर सिलेक्टने उघडू नका, एक्झामिनने उघडा, पायथनच्या आयमॅपलिबमध्ये सिलेक्टला रीडओन्ली ट्रू दिलं की तेच होतं. आणि फेच करताना साधी बॉडी न मागता बॉडी पीक मागा, पीकने सीनचा फ्लॅग, म्हणजे वाचल्याची खूण, लागत नाही.

दुसरा नियम यूआयडीचा. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला दोन नंबर असतात. एक सिक्वेन्स नंबर, म्हणजे फोल्डरमधला कितवा, हा वरचा एखादा मेल डिलीट झाला की खालच्या सगळ्यांचा बदलतो, हा टेबलात कधीही साठवू नका. दुसरा यूआयडी, तो त्या फोल्डरमध्ये त्या मेलचाच राहतो आणि नवीन मेलला कायम आधीपेक्षा मोठा मिळतो, त्यामुळे शेवटचा यूआयडी लिहून ठेवला की पुढच्या वेळी त्याच्या पुढचे मागता येतात. पण यूआयडीला अर्थ आहे तो यूआयडी व्हॅलिडिटी नावाच्या दुसऱ्या आकड्याबरोबरच. फोल्डर उघडताना सर्व्हर तो सांगतो, आणि तो बदलला असेल तर तुमच्याकडचे त्या फोल्डरचे सगळे यूआयडी बाद, परत पहिल्यापासून घ्यायचं. सर्व्हर बदलला, बॅकअपवरून परत उभा केला, फोल्डर काढून त्याच नावाने परत बनवला, अशा वेळी हे होतं. त्यामुळे टेबलात किल्ली अशी ठेवा: अकाउंट, फोल्डर, यूआयडी व्हॅलिडिटी, यूआयडी, चारही मिळून.

आणि इथे एक खोच आहे. समजा शेवटचा यूआयडी ५०० आहे आणि तुम्ही ५०१ पासून स्टारपर्यंत (५०१:*) मागितले, नवीन मेल एकही आलेला नाही, तरी सर्व्हर ५०० नंबरचा मेल परत देतो. हा बग नाही, स्टारचा अर्थ शेवटचा मेल असा आहे, म्हणजे रेंज झाली ५०१ ते ५००, आणि रेंजमध्ये क्रम उलटा असला तरी चालतो असं स्पेसिफिकेशनच म्हणतं. म्हणून आलेल्या यादीतून आपल्याकडे असलेल्यापेक्षा मोठे तेवढेच घ्यायचे, नाहीतर रोज रात्री एक डुप्लिकेट ओळ वाढत जाते.

आता सर्च. उत्तरात फक्त नंबर येतात, बाकी काही नाही, आणि यूआयडी सर्च वापरलं नसेल तर तेही सिक्वेन्स नंबर, तेव्हा कायम यूआयडी सर्चच वापरा. कंडिशन शेजारी शेजारी लिहिल्या की त्या अँड होतात, ऑर मात्र आधी लिहायचा आणि त्याच्यामागे बरोबर दोन कंडिशन, तिघांचा ऑर हवा तर ऑरच्या आत ऑर. तारीख दिवस, इंग्रजी तीन अक्षरी महिना, वर्ष अशीच लागते, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये लोकेल मराठी करून तारीख फॉरमॅट केलीत तर महिना मराठीत जाईल आणि सर्व्हर एरर देईल. सिन्समध्ये तो दिवस धरला जातो, बिफोरमध्ये धरला जात नाही, म्हणजे मार्च महिना हवा तर सिन्स १ मार्च, बिफोर १ एप्रिल.

तारखेचं प्रकरण इथे संपत नाही, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे नीट कळलंच पाहिजे. सिन्स आणि बिफोर बघतात ती इंटर्नल डेट, म्हणजे सर्व्हरने मेल स्वीकारला ती वेळ, आणि तुलना करताना वेळ आणि टाइमझोन दोन्ही सोडून नुसती तारीख बघतात. सर्व्हर युटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, नोंद ठेवत असेल तर १ एप्रिलला रात्री साडेबाराला आलेला मेल त्याच्या लेखी ३१ मार्चच्या संध्याकाळी सातचा असतो. म्हणजे १ एप्रिलपासूनचे मागितले तर त्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत आलेले सगळे सुटतात, आणि वर्षअखेरीला रात्री उशिरापर्यंत मेल सुटत असतात तेव्हा नेमकं तेच महत्त्वाचं असतं. उपाय सोपा आहे, सर्व्हरकडे दोन्ही बाजूंनी एक एक दिवस जास्त मागायचा आणि भारतीय वेळेत बदलून नेमकी गाळणी आपल्याकडे लावायची. सेंटसिन्स म्हणून वेगळी कंडिशन आहे, ती मेलच्या डेट हेडरवर चालते, पण ते हेडर पाठवणाऱ्याच्या मशीनने लिहिलेलं असतं आणि त्या मशीनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. मी दोन्ही तारखा वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो. मेलबॉक्स कधीतरी दुसऱ्या सर्व्हरवर हलवला असेल आणि हलवताना इंटर्नल डेट जपली नसेल तर सगळे जुने मेल एकाच दिवशी आल्यासारखे दिसतात, तेव्हा डेट हेडरच हाताशी उरतं. म्हणून सुरुवातीलाच वर्षवार किती मेल येतात ते एकदा काढून बघा, गडबड असेल तर लगेच कळते.

मजकुरात शोधायचं काम सर्व्हरवर टाकू नका. डव्हकॉटसारख्या सर्व्हरवर फुल टेक्स्ट इंडेक्स लावलेला नसेल तर तो एकेक मेल उघडून वाचत बसतो. स्टँडर्डप्रमाणे शब्दाचा तुकडा दिला तरी सापडायला हवं, पण जीमेल पूर्ण शब्दच धरतं, तुकडा दिला तर काही मिळत नाही. जीमेलची स्वतःची एक सोय मात्र फार कामाची आहे, तिथे वेबवर सर्चच्या चौकटीत आपण जे लिहितो तेच आयमॅपमधूनही पाठवता येतं, अटॅचमेंट असलेलेच मेल द्या वगैरे. साध्या आयमॅपमध्ये अटॅचमेंट आहे का हे विचारायची सोयच नाही.

मग अटॅचमेंटचं काय करायचं? बॉडीस्ट्रक्चर मागायचं. हा मेलचा सांगाडा आहे, आत किती भाग आहेत, प्रत्येकाचा प्रकार, साइज, फाइलचं नाव, सगळं न उतरवता कळतं. मग फक्त दुसरा भाग हवा तर तेवढाच पीकने मागायचा, आठ एमबीचा अख्खा मेल ओढायची गरज नाही. अटॅचमेंट बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, पाठवलेल्या असतात त्यामुळे मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त डेटा येतो हेही धरा. जीमेल आयमॅपने दिवसाला २५०० एमबीच उतरवू देतं आणि एका वेळी १५ कनेक्शन, ती मर्यादा ओलांडली की अकाउंट काही वेळ अडवलं जातं आणि मग ऑफिसातल्या लोकांचंही काम थांबतं. हिशोब करा, चाळीस हजार मेलची हेडर पाच केबी धरली तरी सगळी मिळून २०० एमबी, म्हणजे एका बैठकीत होतं, अटॅचमेंट मात्र टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो रात्री. यूआयडी दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्याने मागा, प्रत्येक गठ्ठ्यानंतर टेबलात कमिट करा, कनेक्शन तुटलं तर तिथूनच पुढे.

फोल्डरची नावं कोडमध्ये हाताने लिहू नका. जीमेलची भाषा मराठी ठेवलेली असेल तर आयमॅपवर सेंट, ऑल मेल या फोल्डरची नावंही मराठीत येतात, आणि तीसुद्धा सुधारित यूटीएफ-७ नावाच्या जुन्या पद्धतीने एन्कोड होऊन, म्हणजे अँडच्या चिन्हाने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. फोल्डरची यादी मागितली की सोबत खुणा येतात, कुठला सेंटचा, कुठला ट्रॅशचा, त्या खुणेवरून फोल्डर ओळखा. सेंट फोल्डर घ्यायला विसरू नका, तुमच्या साहेबांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आणि जीमेलमध्ये लेबल म्हणजेच फोल्डर असल्यामुळे एकच मेल चार ठिकाणी चार यूआयडीने दिसतो, तिथे फक्त ऑल मेल घ्या आणि जीमेलचा स्वतःचा मेसेज नंबर किल्ली म्हणून धरा.

मेसेज आयडी या हेडरवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. सेल्स आणि अकाउंट्स दोघांना सीसी केलेला मेल दोन्ही मेलबॉक्समध्ये त्याच मेसेज आयडीने येतो, हे हवंच आहे कारण त्यावरून तो एकच मेल आहे हे कळतं, पण काही जुनी ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारी, सॉफ्टवेअर मेल पाठवताना हे हेडर लावतच नाहीत किंवा तोच आयडी परत परत वापरतात. म्हणून युनिक कन्स्ट्रेंट त्याच्यावर टाकू नका, नुसता इंडेक्स ठेवा.

आता आपल्या मराठीचा भाग. सब्जेक्टमध्ये देवनागरी असेल तर हेडरमध्ये ते एन्कोड होऊन येतं, लांब असेल तर तुकडे तुकडे होऊन. पायथनच्या ईमेल मॉड्यूलला पॉलिसी डिफॉल्ट सांगितली तर ते आपोआप उलगडतं, न सांगता वापरलं तर जुन्या पद्धतीने चालतं आणि सगळं स्वतः करावं लागतं. उलगडल्यावरही एक अडचण राहते, ती म्हणजे सारखं दिसणारं अक्षर सारखं नसतं. ऑर्डर हा शब्द कुणी ऑ या एका अक्षराने टाइप करतं, कुणी आ वर अर्धचंद्र देऊन, दिसायला सारखंच, कोड वेगळे. अ‍ॅडव्हान्सचंही तेच. युनिकोड नॉर्मलायझेशन चालवलं तरी हे जुळत नाहीत कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत, तेव्हा टेबलात भरतानाच या जोड्या आपण बदलून एकसारख्या करायच्या आणि मूळ सब्जेक्ट वेगळ्या कॉलममध्ये तसाच ठेवायचा. अक्षरं जोडणाऱ्या न दिसणाऱ्या खुणा, झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर) वगैरे, शोधायच्या कॉलममधून काढून टाका. जुन्या अटॅचमेंट श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्यात मराठी अक्षरं नसतातच, फॉन्ट काढला की इंग्रजी चिन्हांचा गोंधळ, त्या फाइल वेगळ्या काढून कन्व्हर्टरमधून न्याव्या लागतात. आणि शेवटी एक्सेलला द्यायची सीएसव्ही बॉमसकट (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) यूटीएफ-८ मध्ये लिहा, नाहीतर साहेबांच्या मशीनवर मराठी नावांच्या जागी कचरा दिसेल.

टेबलं साधी ठेवा, एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस पुरतो. एक मेसेजेसचं, एक पत्त्यांचं कारण टू आणि सीसीमध्ये अनेक जण असतात, एक अटॅचमेंटचं, ज्यात फाइलचं नाव, साइज आणि फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, हॅशमुळे तीच पर्चेस ऑर्डर तीनदा पाठवलेली असेल तर लगेच दिसते. आणि एक छोटं टेबल प्रत्येक फोल्डरचा शेवटचा यूआयडी आणि व्हॅलिडिटी ठेवायला. मजकुरात शोधायला एसक्यूलाइटची एफटीएस५ ही फुल टेक्स्ट सर्चची सोय वापरा, आधी सर्व्हरला मिनिटं लागत होती ते इथे लगेच येतं.

उत्तर द्यायला किती वेळ लागला हे काढायला सेंटमधल्या मेलचं इन रिप्लाय टू हेडर घ्या, ते इनबॉक्समधल्या मेलच्या मेसेज आयडीशी जॉइन करा, दोन तारखांची वजाबाकी. सेंटमधल्या मेलची तारीख आपल्याच ऑफिसच्या मशीनची असते, येणाऱ्या मेलला मात्र इंटर्नल डेट वापरा, गिऱ्हाइकाच्या घड्याळावर विसंबू नका. ज्यांची जोडी लागत नाही ते एकतर फोनवर उत्तर दिलेले असतात, नाहीतर कुणीतरी रिप्लाय न करता नवीन मेल लिहिलेला असतो. ते शून्य दिवस म्हणून किंवा उत्तरच दिलं नाही म्हणून मोजू नका, वेगळ्या रकान्यात दाखवा, नाहीतर विनाकारण कुणाच्या तरी कामावर ठपका येतो.

हे मी गंभीरपणे म्हणतोय कारण मेलबॉक्समध्ये माणसं असतात. कॉमन अकाउंट असलं तरी त्यात कुणाचं मेडिकल सर्टिफिकेट, कुणाचा राजीनामा, बँकेचे तपशील सापडतात. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा नसता तरी जे लागत नाही ते उतरवू नये. तुमच्या कामाला हेडर आणि ऑर्डरच्या फाइली पुरतात, तर सगळ्यांची बॉडी आणू नका. पासवर्ड किंवा टोकन स्क्रिप्टमध्ये लिहू नका, आणि तयार झालेली एसक्यूलाइट फाइल शेअर्ड ड्राइव्हवर उघडी ठेवू नका, ती एक फाइल म्हणजे कंपनीचा अख्खा पत्रव्यवहार आहे.

रोजची स्क्रिप्ट लावली की तिला एक तपासणी जोडून द्या. प्रत्येक फोल्डरला स्टेटस विचारलं की सर्व्हर आत किती मेल आहेत ते सांगतो, आणि यूआयडी सर्च ऑल दिलं की आज तिथे असलेल्या सगळ्या यूआयडींची यादी मिळते. ती यादी आपल्या टेबलाशी ताडून बघा, सर्व्हरवर आहे आणि आपल्याकडे नाही तो मेल परत आणायचा, आपल्याकडे आहे आणि सर्व्हरवर नाही तो डिलीट झाला किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलला, हलला असेल तर तिकडे नवीन यूआयडीने येतो. अशी ओळ पुसून न टाकता तिच्यावर फक्त हलल्याची तारीख लिहा, ऑर्डर आली होती हा पुरावा टेबलात राहिलाच पाहिजे.